महाकाय धावणारा बांबू : लागवड, उपयोग आणि गोव्यातील वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत बांबूविषयी विचारणा वाढली आहे आणि तीत एक प्रश्न सतत येतो : चीन-जपानच्या चित्रांत दिसतो तसा उंच, जाड, रांगेत वाढलेला बांबू आपल्या जमिनीत होईल का? पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या बागायतदारांनी, नव्याने घर बांधणाऱ्यांनी आणि कुळागर राखणाऱ्यांनी पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या मुद्द्याचे उत्तर अन्यत्र आले आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धावणारा बांबू म्हणजे नेमके काय? आपल्या बांबूच्या बेटापेक्षा तो वेगळा कसा?

बांबू हे गवत आहे आणि तो कसा पसरणार हे जमिनीखालचा त्याचा कंद ठरवतो. आपल्याकडच्या बेटाचा कंद आखूड, जाड आणि आल्याच्या गड्ड्यासारखा वाकडा असतो. त्याचे टोक वर वळून काठी बनते आणि पुढचा कंद त्याच्या कुशीतून फुटतो, त्यामुळे काठ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. धावणाऱ्या बांबूचा कंद बोटाएवढा, लांब आणि जमिनीला समांतर जाणारा असतो. उकरून पाहिल्यास पिवळसर पांढरी, गाठागाठांची दोरी हाती लागते. प्रत्येक गाठीवर एकाआड एक बाजूला डोळा असतो आणि पुढचे टोक कठीण आवरणांनी झाकलेले, अणकुचीदार असते. हे टोक पुढे सरकतच राहते, एका हंगामात काही मीटरही जाते. वाटेतल्या काही डोळ्यांतून काठ्या निघतात, काहींतून नवे कंद. त्यामुळे बेट न बनता सुट्या काठ्यांचे रान तयार होते आणि त्यातून माणूस सहज चालत जाऊ शकतो.

२. ‘महाकाय’ धावणारा बांबू कोणत्या जातीला म्हणतात? तो किती मोठा होतो?

बहुतेक वेळा ‘मोसो’ला, म्हणजे फायलोस्टॅकिस एड्युलिसला. चांगल्या रानात त्याची काठी २० मीटरच्या वर जाते आणि बुंध्याशी १५ सेंटिमीटरपर्यंत, क्वचित त्याहून जाड होते. चीनमध्ये त्याची लाखो हेक्टरांची राने आहेत. त्याच्या जोडीने जपानमधील ‘मादाके’, म्हणजे फायलोस्टॅकिस बांबुसॉइडिस, हे नाव येते. ही दुसरी जात भारताला परकी नाही : अरुणाचल प्रदेशातील झिरोच्या खोऱ्यात आपातानी लोक तिची राखलेली बने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. झिरो समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हिवाळ्यात दहिवर गोठते, ही गोष्ट पुढच्या उत्तरासाठी लक्षात ठेवावी.

काठीची जाडी वयाने वाढत नाही. कोंब जेवढा जाड बाहेर येतो तेवढीच काठी राहते आणि दोन-तीन महिन्यांत ती पूर्ण उंची गाठते. भर हंगामात मोसोचा कोंब दिवसाला एक मीटरच्या आसपास वाढल्याची नोंद आहे. नंतरची तीन-चार वर्षे ती फक्त कठीण होत जाते. रोप लहान असताना काठ्या बारीक येतात, कंदाचा साठा वाढेल तशी दरवर्षीची नवी काठी आदल्या वर्षीपेक्षा जाड निघते. म्हणून चित्रात दिसणारे रान उभे राहायला दहा वर्षे आणि अधिक काळ लागतो.

३. मोसो गोव्यात होईल का?

जगू शकेल, परंतु महाकाय होण्याची अपेक्षा ठेवू नये. या पानावरचे हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे.

मोसो थंड हिवाळ्याच्या प्रदेशातला आहे. उणे १५ अंशांच्या पलीकडची थंडी तो सोसतो आणि हिवाळ्यातील विश्रांतीनंतर वसंतात एकदम कोंब काढतो. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा २० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ही विश्रांती त्याला मिळत नाही. पावसाचेही तसेच आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि नंतर मे अखेरपर्यंत जमीन तापत राहते. मोसोला वर्षभर ओलावा हवा आणि साचलेले पाणी अजिबात नको. जांभ्या जमिनीत वरचा थर पावसात चिंब आणि उन्हाळ्यात विटेसारखा कठीण होतो, आणि मोसोचे कंद नेमके त्याच थरात असतात.

अशा हवेत रोप तग धरते, कंदही थोडेफार धावतात, पण काठ्या बारीक आणि बुटक्या राहतात. म्हणजे पसरण्याचा त्रास पदरी येतो आणि जाड काठीचा लाभ होत नाही. ज्यांना खरोखर जाड बांबू हवा आहे त्यांच्यासाठी गोव्यात याहून कितीतरी चांगले पर्याय आहेत (प्रश्न ११ पाहावा).

४. ऑनलाइन ‘जायंट मोसो’च्या बिया मिळतात. त्या पेरून पाहायला काय हरकत आहे?

मोसो फार क्वचित फुलतो. जपानमध्ये बियांपासून वाढवलेली रोपे ६७ वर्षांनी फुलल्याची नोंद आहे. बी मिळाले तरी त्याची उगवणशक्ती थोड्या महिन्यांत संपते. त्यामुळे वर्षभर दुकानात असलेल्या पाकिटात मोसोचे जिवंत बी असण्याची शक्यता फार कमी असते. परदेशातून थेट मागवलेल्या पाकिटाची अडचण आणखी गंभीर आहे : वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार बियाणे आयात करण्यासाठी परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाकिटावर ‘गवत बियाणे’ लिहून आलेले बी हा कीड आणि रोग आत आणण्याचा मार्ग आहे. ते पेरू नये.

५. आमच्या दारात पिवळ्या काठ्यांचा बांबू आहे. तो धावणारा तर नाही ना?

बहुधा नाही. गोव्याच्या बागांत दिसणारा, पिवळ्या काठीवर हिरव्या उभ्या रेघा असलेला जाड बांबू म्हणजे बांबुसा व्हल्गॅरिसचा एक प्रकार. तो बेट करतो. मात्र ‘गोल्डन बांबू’ याच नावाने फायलोस्टॅकिस ऑरिया ही बारीक काठीची धावणारी जातही कुंपणासाठी विकली जाते, म्हणून नावावर विसंबू नये.

ओळख पटवायची सोपी खूण अशी. फांदी जेथे फुटते त्या गाठीच्या वरच्या पेरावर अंगठा फिरवावा. तेथे उभी खाच किंवा सपाटी लागली आणि गाठीवर एक मोठी, एक लहान अशा दोनच फांद्या असल्या, तर तो फायलोस्टॅकिस, म्हणजे धावणारा. पेर सर्व बाजूंनी गोल आणि गाठीवर फांद्यांचा झुपका असेल तर तो बेटाचा. मोसो आणि मादाके यांतील फरक गाठीवर दिसतो : मोठ्या काठीच्या खालच्या, फांदी नसलेल्या गाठींवर मोसोला एकच कडा असते, मादाकेला दोन; शिवाय मोसोची नवी काठी मखमली लवीने पांढुरकी दिसते.

६. बेटाचा आणि धावणारा, असे दोनच प्रकार आहेत का?

नाही, आणि गोव्याच्या दृष्टीने खरा धोका या अपवादात आहे. ईशान्य भारतातील मुळी बांबू, म्हणजे मेलोकॅना बॅक्सिफेरा, याचा कंद मूळचा बेटाच्याच जातीचा. पण त्याची मान, म्हणजे मूळ कंदाला जोडणारा भाग, मीटरभर किंवा त्याहूनही लांब वाढते, आणि म्हणून काठ्या एकमेकींपासून दूर उगवून रान पसरते. त्याला उष्ण, दमट हवा मानवते, त्यामुळे मोसो जेथे कुढत राहील तेथे हा जोमाने वाढू शकतो. सुमारे ४८ वर्षांनी तो एकगठ्ठा फुलतो, पेरूएवढी फळे धरतो आणि मरतो. मिझोराममध्ये १९५८-५९ आणि पुन्हा २००७-०८ मध्ये अशा फुलोऱ्यानंतर उंदरांची संख्या अतोनात वाढून शेते फस्त झाली. तेथे या आपत्तीला ‘मौताम’ म्हणतात. काठी सुंदर आणि सरळ असते म्हणून कोणी रोप देऊ केले, तर ते कुळागरात लावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

७. हे सर्व समजूनही मला धावणारा बांबू लावायचाच आहे. काय काळजी घ्यावी?

प्रथम जागा. विहीर, शोषखड्डा, पाण्याची वाहिनी आणि शेजाऱ्याची हद्द यांपासून निदान दहा मीटर अंतर ठेवावे. जमीन आपल्या एकट्याच्या मालकीची नसेल, म्हणजे कोमुनिदादची (गावाच्या सामायिक संस्थेची), सामायिक किंवा कुळ-मुंडकारांच्या हक्काची असेल, तर लावू नये. आपल्यानंतरही जी वनस्पती टिकून राहणार, तिची जबाबदारी कोणाकडे हे आधी ठरलेले असावे.

दुसरे, अडथळा. चिऱ्यांचा गडगा कंदाला अडवत नाही. दोन चिऱ्यांमधल्या फटीतून तो आरामात पलीकडे जातो. निदान दीड मिलिमीटर जाडीचा दाट प्लॅस्टिकचा सलग पत्रा ७०-७५ सेंटिमीटर खोल उभा पुरावा आणि त्याची कड जमिनीवर पाच-सात सेंटिमीटर दिसत ठेवावी. पत्रा वरच्या बाजूने किंचित बाहेर कललेला असावा, म्हणजे त्याला धडकलेला कंद खाली न जाता वर येतो आणि दिसतो. सांधा हा सर्वांत कच्चा दुवा असतो; तेथे दोन्ही टोके एकमेकांवर चढवून धातूच्या पट्टीने आवळावीत.

दुसरी पद्धत अधिक स्वस्त, पण कष्टाची : सभोवती फूटभर रुंद आणि दीड-दोन फूट खोल चर खणून मोकळा ठेवणे आणि त्यात डोकावणारे कंद कापत राहणे. आपल्याकडे एका पावसातच चर मातीने बुजतो, म्हणून चवथ आटोपल्यावर तो उपसावा आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा पाहावा. हे वर्षातून दोनदा, दरवर्षी करण्याची तयारी नसेल तर पत्रा असला तरी लागवड करू नये, कारण पत्र्यावरून उडी घेणारा कंद पाहायलाही कोणीतरी लागतोच.

८. गॅलरीत किंवा गच्चीवर कुंडीत चालेल का?

चालेल. निदान ६० लिटरचे पसरट पिंप घ्यावे, ते थेट मातीवर ठेवू नये, कारण तळाच्या भोकातून कंद बाहेर पडतो. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून निम्मा करावा.

९. काठी कधी आणि कोणती कापावी? अमावास्येला कापलेल्या बांबूला कीड लागत नाही, हे खरे का?

तीन ते पाच वर्षांची काठी कापावी. वय ओळखायला डोळे आणि कान दोन्ही वापरावेत. पहिल्या वर्षीच्या काठीवर आवरणे आणि पांढरी भुकटी असते, रंग टवटवीत हिरवा असतो. तिसऱ्या वर्षापासून रंग फिका होतो, अंगावर दगडफुलाचे करडे-पांढरे ठिपके उमटतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यास आवाज खणखणीत येतो. कोवळी काठी वाळताना सुरकुतते आणि फुटते.

किडीचे मूळ काठीतील पिष्टात (स्टार्चमध्ये) असते. पावसापूर्वी, कोंब फुटायच्या बेतात असताना ते सर्वाधिक असते; कोंब वाढवण्यात ते खर्च झाल्यावर, म्हणजे पाऊस सरल्यानंतर, ते घटते. म्हणून दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ कापणीला योग्य. नरकासुराच्या सांगाड्यासाठी आणि आकाशकंदिलासाठी त्याआधी कापलेली काठी चालते, कारण तिचे काम थोड्या दिवसांचे असते. अंधाऱ्या पंधरवड्यात कापण्याची रीत आपल्या जुन्या माणसांनी जपली आहे आणि ती पाळण्यात तोटा काहीच नाही. मात्र एप्रिलमधील अमावास्येला कापलेली कोवळी काठी टिकेल, असे मानू नये. वय आणि हंगाम आधी, तिथी नंतर.

कापताना पहिल्या गाठीच्या लगेच वर कापावे, म्हणजे बुडख्यात पाणी साचून डास होत नाहीत.

१०. कापलेला बांबू टिकवायचा कसा?

जुनी पद्धत म्हणजे काठ्या वाहत्या गोड्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवणे. त्याने पिष्ट धुऊन जाते आणि भुंगेरा कमी लागतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मात्र जास्त दिवस ठेवू नये, तेथे लाकूड पोखरणारे शिंपले असतात. आजची खात्रीची घरगुती पद्धत बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची आहे : १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक आम्ल विरघळवावे, लांब सळीने काठीच्या आतल्या गाठी भोसकाव्यात आणि ओली काठी आठवडा-दहा दिवस त्यात पूर्ण बुडवून ठेवावी. नंतर ती सावलीत, उभी वाळवावी. उरलेले द्रावण विहिरीत, ओहोळात किंवा झाडांच्या आळ्यात टाकू नये.

हे क्षार पावसाने धुपून निघतात. म्हणजे प्रक्रिया केलेली काठीही आपल्या पावसात उघडी आणि जमिनीला टेकलेली टिकणार नाही. मांडवाचा खांब चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या उंचवट्यावर बसवावा आणि छपराची वळचण चांगली पुढे काढावी.

११. मग गोव्यात जाड बांबू हवा असेल तर कोणता लावावा?

खूप जाड काठी हवी असल्यास डेंड्रोकॅलॅमस ॲस्पर किंवा डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस पाहावा. दोन्ही बेट करतात, २० मीटरच्या वर जातात, आणि जायगँटियसची काठी तर मोसोपेक्षाही जाड होते. बांधकामासाठी बांबुसा बाल्कोआ भक्कम आहे. या सर्वांना उष्ण, दमट हवा मानवते.

पण बहुतेक गोमंतकीय बागायतदारांसाठी आमची पहिली शिफारस माणगा हीच राहील. डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्साय ही जात कोकण, गोवा आणि कारवारच्या पट्ट्यातीलच आहे. तिला काटे नाहीत, बेट फार दाटत नाही, काठी जवळजवळ भरीव असते आणि जाडी साधारण अडीच ते सहा सेंटिमीटर. महाकाय ती नाही. तरी फर्निचर, छत्रीच्या दांड्या, मिरवेलीचे आधार, मांडव, शिड्या अशा कामांत तिच्या भरीवपणाला तोड नाही आणि शेजारच्या सिंधुदुर्गात ती बांधाबांधावर लावून विकली जाते. पाच बाय पाच मीटरवर लावल्यास हेक्टरी ४०० बेटे बसतात. रोपांसाठी आणि जमिनीप्रमाणे सल्ल्यासाठी आपल्या तालुक्याचे विभागीय कृषी कार्यालय किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था गाठावी.

१२. महाकाय धावणाऱ्या बांबूचा उपयोग तरी कशासाठी होतो?

मोसोच्या काठीची भिंत जाड आणि पेरे सरळ असल्याने तिच्या पट्ट्या काढून, दाबून, चिकटवून जमिनीच्या फळ्या, पाट आणि टेबलांचे पृष्ठभाग बनवतात. आपल्याकडे दुकानात मिळणारी ‘बांबू फ्लोअरिंग’ बहुधा त्याचीच असते. हाँगकाँगच्या उंच इमारतींभोवतीच्या परांच्यांत जाड खांब मोसोचे वापरले गेले आहेत. कोळसा, कागद आणि व्हिस्कोस धागा हे आणखी उपयोग. ‘बांबूचे कापड’ म्हणून विकले जाते ते बहुतेक वेळा रासायनिक प्रक्रियेने बनलेले व्हिस्कोस असते, हे ग्राहकाने जाणून असावे.

मादाकेची वीण बारीक आणि लवचीक, म्हणून जपानी टोपल्या आणि शाकुहाची बासरी तिची. १८८० मध्ये एडिसनने विजेच्या दिव्याच्या तारेसाठी जगभरचे बांबू तपासले आणि क्योतोजवळच्या यावाता येथील मादाके निवडला.

आपल्या सुपांसाठी, रोवळ्यांसाठी आणि टोपल्यांसाठी मात्र या जातींची गरज नाही. येथील कारागिरांचा हात स्थानिक काठीवर बसलेला आहे आणि त्यांना आज हवी आहे ती योग्य वयाची, वेळेवर कापलेली काठी. दोन बेटे राखून ती जवळच्या कारागिराला देणे हा बांबूचा फार चांगला उपयोग आहे.

१३. कोंब खाता येतात का?

येतात. मोसोचे कोंब चीन-जपानमध्ये मोठ्या प्रमाणात खाल्ले जातात, हिवाळ्यात जमिनीखालीच असताना उकरलेले अधिक चवदार मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात बाजारात येणारे किल्ल म्हणजे बेटाच्या बांबूचे कोंब. कच्च्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते, त्याचे प्रमाण जातीनुसार बदलते. सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकळावे, ते पाणी टाकून द्यावे आणि कडवटपणा राहिल्यास पुन्हा उकळावे. कच्चे कोंब गुरांनाही घालू नयेत. सत्तरी-सांग्याच्या बाजूला साळिंदर, रानडुक्कर आणि माकडे कोंब शिल्लक ठेवत नाहीत. नव्या कोंबांभोवती काटेरी फांद्यांचा आडोसा हा त्यावरचा चालत आलेला उपाय आहे.

१४. खासगी जमिनीतला बांबू कापायला परवाना लागतो का?

२०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमाच्या कलम २(७) मधील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, त्यामुळे वनाबाहेरच्या जमिनीत वाढवलेल्या बांबूवरील त्या कायद्याची बंधने उठली. वनक्षेत्रातील बांबू अजूनही वनउपजच आहे. गोव्यात अनेकांच्या मालकीच्या जागा खासगी वन म्हणून निश्चित झालेल्या आहेत. आपली जागा त्यांपैकी किंवा अभयारण्याच्या हद्दीत असेल, तर वन खात्याकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय कोयता लावू नये.

१५. डोंगर खचू नये म्हणून किंवा खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर धावणारा बांबू लावावा का?

वरची माती धुपू नये यासाठी त्याच्या कंदांची जाळी चांगली असते, पण ती मुख्यतः वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये असते. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उभा कापलेला डोंगर त्याखालून घसरतो. तेथे पाण्याचा निचरा आणि खोल मुळांची स्थानिक झाडे लागतात. खाजणात खारेपणा फायलोस्टॅकिसला सोसत नाही. बांधाच्या कामात चिखल आणि पेंढ्याबरोबर बांबू पूर्वीपासून आहे, पण तो कापलेल्या काठीच्या रूपात. बांधावर जिवंत कंद वाढवल्यास तो कुजल्यावर पाण्याला वाट मिळते.

१६. आधीच्या मालकाने लावलेला बांबू पसरला आहे, शेजाऱ्याच्या कुळागरातही शिरला आहे. तो कसा काढावा?

आधी शेजाऱ्याशी बोलावे आणि दोन्ही बाजूंचे काम एकाच हंगामात करावे, कारण एका बाजूला जिवंत राहिलेला कंद दुसऱ्या बाजूला पुन्हा येतो. हद्दीवर चर खणून कंदांचा दुवा तोडावा (प्रश्न ७). त्यानंतर सर्व काठ्या जमिनीलगत कापाव्यात आणि पुढे येणारा प्रत्येक कोंब पाने फुटण्यापूर्वी मोडावा. पाने नसली की कंदाला अन्न मिळत नाही आणि दोन-तीन वर्षांत त्याचा साठा संपतो. मध्येच एक पाऊस दुर्लक्ष झाले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मोकळ्या जागेत यंत्राने कंद उकरून काढता येतात, पण माडा-पोफळींच्या मुळांत यंत्र घालू नये, तेथे पिकाव आणि कुदळच बरी. काढलेले कंद ओहोळाच्या काठी किंवा गावाच्या कचऱ्यात टाकू नयेत. ते कातळावर उन्हात पूर्ण वाळवून जाळावेत, कारण एक डोळा असलेला ओला तुकडाही रुजतो.